डावा काठ

खळीच्या मडक्यावरचं झाकण खडखडलं आणि घरातली शांतता मोडली. सुताला लावायची ती पिठाची खळ. डोरल तीत बोट बुडवून चाटत होती.

"पुरे गं! मग ताण्याला काय लावू, तुझी लाळ?" आई, रोझीना, ओरडली.

डोरल हसली. बोट फ्रॉकला पुसून ती पुन्हा चरख्यावर बापासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली.

रोझीना नवऱ्याच्या हातमागावर बसली होती. तीन दिवस ती उतरली होती कुठे म्हणा! सोमवारी तपासनीस थीलने कापड जिथवर विणलं होतं तिथे शिक्का मारला. मंगळवारी तिचा नवरा ट्राउगॉट गावच्या विणकरांबरोबर व्यापाऱ्याच्या दारी मजुरी वाढवून मागायला गेला. तिथे नवी यंत्रं फुटली आणि प्रशियन शिपायांनी गोळ्या झाडल्या. तो अजून परतला नव्हता. आता दंग्यात जो होता त्याचा माग जाणार, घरही जाणार. शिक्क्यापुढे कापड वाढलं असेल, तर माणूस घरी होता असं धरणार.

ट्राउगॉटचा डावा खांदा दुखायचा, म्हणून त्याच्या कापडाचा डावा काठ किंचित आत ओढला जाई. लग्न नवं होतं तेव्हा ती चिडवायची, 'तुझं कापड लाजतं रे.' आता तीच चूक ती जपून, ओळीमागून ओळ विणत होती.

थील आला. सोबतचा शिपाई दारातच थांबला. थीलने काठावरून अंगठा फिरवला.

"हाच तो वाकडा काठ! दर आठवड्याला शिव्या खातो, तरी सुधरत नाही गाढव. कुठाय?"

"सरपणाला गेलेत, साहेब. सकाळपर्यंत मागावरच होते."

डोरलचा चरखा थांबला. रोझीनाने तिच्याकडे पाहिलं. चरखा पुन्हा फिरू लागला.

थीलने वहीत खूण केली. दाराशी जाऊन तो वळला.

"वाचला म्हणायचा. चर्चच्या भिंतीशी एक मुडदा पडलाय, तोंड ओळखू येत नाही. करडा कोट, कोपराला ठिगळ, लाल दोऱ्याने शिवलेलं. तुमच्या आळीतला का गं कुणी?"

रोझीनाचा हात डोक्यावरच्या लग्नातल्या रुमालाकडे गेला. त्याच्या लाल किनारीचा दोरा तिने हिवाळ्यात उसवला होता. व्यापाऱ्याचं पांढरं सूत कोटाला वापरलं असतं, तर चोरी ठरली असती. उसवलेली बाजू तिने हळूच कानामागे दुमडली.

"नाही, साहेब. आमच्यातला नाही तो."

"मग दुपारी बेवारस म्हणून पुरतील."

बुटांचा आवाज उताराला लागला. चर्च कोपऱ्यावरच होतं, उठून गेलं तर शंभर पावलं. रोझीना उठली नाही. तिने ताण्यातून सुताचा धोटा फेकला, फणी ओढली, पुन्हा फेकला. आता कुणी बघणारं नव्हतं, तरी डावा काठ आतच ओढला जात होता.

डोरल भरलेली कांडी घेऊन तिच्याजवळ आली.

"आई, ही बाबांना ठेवू, की तूच विणतेस?"