पुष्पकाचा आवाज

रतन नाखवा वागळे इस्टेटमधल्या एका साच्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायची. बादलीचा कान, शाम्पूच्या बाटलीचं बूच, टॉर्चची काच बसवायची गोल कडी, असलं काम. वय सव्वीस. चेंदणी कोळीवाड्यात आईबरोबर राहायची. विमानात ती कधी बसली नव्हती. तरी अठ्ठ्याण्णव साली तिला विमानांनी पुरतं पछाडलं.

झालं असं की, कारखान्यातले कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाने तिला एक सीडी दिली. घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ. खेळ कसला, समोर खरे काटे, खरी धावपट्टी, वारा सुटला तर विमान खरोखर वाकडं जायचं. आठवडाभर रतनने विमानं आपटली. मग तिच्या ध्यानात आलं की यातलं प्रत्येक विमान म्हणजे शेवटी एक ड्रॉइंग आहे, आपण बुचाचं काढतो तसंच, आणि सोबत एक आकड्यांची फाइल. वजन किती, पंख केवढे, इंजिनाला जोर किती, सगळं त्या फाइलीत. इंटरनेटवर तिने शोधलं तर जगभरातली माणसं घरी बसून नवी विमानं बनवत होती आणि कोणीही घ्यावीत म्हणून फुकट ठेवत होती. काहीजण विकतही होते. पण त्या ढिगात आपल्याकडचं एकही विमान नव्हतं.

तिला एका जुन्या मासिकात ‘पुष्पक’चा फोटो सापडला. बंगळुरात बनलेलं, दोन माणसांचं, फ्लाइंग क्लबात पोरांना शिकवायला वापरायचे ते छोटं विमान. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात तिने ते काढायला घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात स्टोअरचे घाडीकाका काहीतरी सही घ्यायला आले आणि तिच्या खुर्चीमागे थांबले.

"हे पुष्पक काय गो?"

"हो काका. ओळखलंत?"

"ओळखलं म्हणून तर विचारतो. शेपटी अशी कोणी केली? आणि मागचं चाक केवढं ते! हातगाडीचं लावलंस की काय?"

गुणाजी घाडी दोन वर्षांपासून स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजून देत होते. वर्तकनगरला राहायचे, कमी बोलायचे. त्याआधी सव्वीस वर्षं ते मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते, हे कारखान्यात कोणालाच माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. रतनने डबा बाजूला सारला आणि त्यांना खुर्ची दिली.

पुढच्या रविवारी काका कोळीवाड्यात आले. रतनची आई भागीरथी मासळी बाजारातून नुकतीच परतली होती. अनोळखी पाहुणा आणि तो थेट कॉम्प्युटरसमोर बसलेला बघून तिने लेकीला आत बोलावलं.

"कोन गो हे?"

"आमच्या स्टोअरचे काका. विमानाचे मेकॅनिक होते."

"मग तुजा विमान दुरुस्त करतान काय?"

"हो आई. तसंच समज."

भागीरथीचं समाधान झालं. तिने चहा टाकला आणि कोलंबी निवडायला घेतली.

काकांनी जॉयस्टिक हातात धरली, पुष्पक धावपट्टीवर आणलं, उडवलं, एक फेरी मारली आणि उतरवलं. मग नाक मुरडलं.

"कसं वाटलं?" रतनने विचारलं.

"सायकल चालवल्यासारखं. अगं, इंजिनाला जोर दिला की ते डावीकडे ओढतं. उजवा पाय दाबून धरावा लागतो. नवीन पोरं हमखास गवतात जायची. तुझं हे एकदम सरळ जातंय, शहाण्या मुलीसारखं."

"तुम्ही उडवलेलं काका?"

"परवाना कुठला माझ्याकडे! पण दुरुस्तीनंतर टेस्टला नेताना मेकॅनिकला शेजारी बसवायचे. काही बिघाड राहिला असेल तर तो वर एकट्या पायलटने का भोगावा? वर गेल्यावर पायलट म्हणायचा, घे गुणाजी, धर जरा. तेवढं उडवलंय. तेवढं म्हणजे..." त्यांनी मनाशी हिशेब केला आणि हसले. "शंभरेक वेळा तरी."

असे अकरा रविवार गेले. काका डोळे मिटून बसायचे, हात हवेत धरायचे आणि सांगायचे, "आता नाक जड लागलं पाहिजे. अजून जड. हां." रतन आकडा बदलायची, पुन्हा उडवायचं. उतरताना तीन चाकं एकदम टेकली नाहीत तर विमान बेडकासारखं उडी मारतं, हे जमवायला तिला तीन रविवार लागले. जमलं तेव्हा काका इतके खूष झाले की मुद्दाम सहा वेळा वाईट उतरले.

ऑगस्टमध्ये रतनने पुष्पक इंटरनेटवर ठेवलं. फुकट. इंटरनेट फोनच्या तारेतूनच चालायचं आणि फोनची लाइन फक्त कारखान्यात होती, म्हणून ती सकाळी सात वाजता गेली. मालक भगवानशेठ साडेसातला आले आणि फोन उचलून बघतात तर त्यातून किरकिर ऐकू येतेय.

"रतन, हा फोन कधी सुटणार?"

"शेठ, विमान वर चढतंय. सत्तर टक्के झालं."

भगवानशेठ रस्त्यापलीकडच्या पीसीओवर गेले. तिथून आल्यावर त्यांनी विचारलं, "गेलं का?" आणि गेलं म्हटल्यावर स्वतः सगळ्यांना चहा सांगितला.

पहिल्या दिवशी चार जणांनी ते उतरवून घेतलं. महिन्याभरात नऊशे जणांनी. मेल येऊ लागल्या. कॅनडातल्या एका शाळामास्तरने लिहिलं की हे विमान त्याला शिंगरासारखं वाटतं, अवखळ पण गोड. एकाने न्यूझीलंडहून चुका काढून पाठवल्या, त्यातल्या दोन खऱ्या निघाल्या. आणि इंदूरहून एका निवृत्त पायलटची मेल आली. त्यांनी अडुसष्ट साली पुष्पकावरच पहिल्यांदा एकट्याने उड्डाण केलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, ‘तुम्ही माझा उजवा पाय तीस वर्षांनी कामाला लावलात. मात्र आवाज परका आहे. पुष्पक असं बोलत नाही.’

रतनने ती मेल छापून स्टोअरमध्ये नेली. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"बरोबर बोलतोय माणूस," ते म्हणाले. आवाज खेळातल्याच दुसऱ्या, परदेशी विमानाचा लावला होता. दुसरा आणणार कुठून?

त्याच आठवड्यात इंग्लंडच्या एका छोट्या कंपनीची मेल आली. त्यांना जुन्या शिकाऊ विमानांचा एक संच विकायला काढायचा होता. पुष्पकाची आणखी बारीक, आतून-बाहेरून पूर्ण आवृत्ती कराल का, प्रत्येक संचामागे तुमचा वाटा देऊ, असं विचारलं होतं. एक अट होती. आवाज खऱ्या इंजिनाचा हवा.

त्या रविवारी घरात सभा बसली. काकांबरोबर त्यांची बायको चंद्रभागाही आली होती. रतनचं मन काही ठरेना. ज्यांनी फुकट घेतलं, कौतुक केलं, चुका सांगितल्या, त्यांनाच आता विकत घ्या म्हणायचं?

भागीरथीने हात पुसत विचारलं, "आदीचा कवऱ्याला दिलंस गो?"

"फुकट, आई. सांगितलं ना."

"येवरे मानसांना? फुकट?" नऊशे गिऱ्हाइकं भागीरथीच्या डोळ्यांसमोरून भरल्या हाताने पैसे न देता गेली असावीत. मग ती म्हणाली, "बरा केलास. मी पन जुन्या गिऱ्हाइकाला वाट्यावर दोन बोंबील जास्ती टाकतंय. पन पापलेट नाय टाकत. त्यो फुकटचा तसाच ठेव. नवा चांगला कर नि इक. ज्याला पायजेल तो घेल."

"वहिनी, तुम्ही आमच्या क्लबाच्या कमिटीवर असायला पाहिजे होतं," काका म्हणाले.

ठरलं. राहिला आवाज. क्लबातली पुष्पकं कधीच मोडीत गेली होती. पण काकांना आठवलं, एक विमान कल्याणपलीकडच्या एका तंत्रशाळेला मुलांना दाखवण्यासाठी दिलं होतं. त्याच्या चाकांना शेवटचं ग्रीस काकांनीच भरलं होतं.

रतन आणि काका कल्याणला उतरून एसटीने तिथे गेले. शाळेचे प्राचार्य शिवराम भोईर सज्जन माणूस. त्यांनी शेडचं कुलूप काढलं. आत पुष्पक होतं. पंख काढून भिंतीला उभे केलेले, कापड फाटलेलं, आसनावर कोंबडीने घर केलेलं. काकांनी कोंबडीला हळूच उठवलं, खालची दोन अंडी प्राचार्यांच्या हातात दिली आणि इंजिनावरचं झाकण उघडलं.

"चालू होणार नाही हो ते," प्राचार्य म्हणाले. "चार वर्षं कोणी हात लावलेला नाही."

"हात लावला नाही हे बरं झालं," काका म्हणाले. "अर्धवट हात लावलेलं इंजिन जास्त वाईट."

चार रविवार ते तिथे जात राहिले. प्लग घासले, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडून वाळवला, कार्ब्युरेटरमधून गांधीलमाशीचं मातीचं घर काढलं. रतन जवळ बसून आतल्या प्रत्येक काट्याची, बटणाची, झिजलेल्या पेडलची मापं घेत होती. कारखान्यात ती बुचांची मापं घ्यायची त्याच कॅलिपरने. पेडलवर उजव्या बाजूचं रबर डाव्यापेक्षा दुप्पट झिजलेलं होतं. तिने काकांना दाखवलं.

"बघ," काका म्हणाले. "मी काय सांगत होतो!"

पाचव्या रविवारी सगळे गेले. भगवानशेठ आपली गाडी घेऊन आले, कारण त्यांना घरी बसवेना. भागीरथीने जेवणाचा भला मोठा डबा घेतला होता. चंद्रभागाने वर्तकनगरच्या भजनी मंडळाचा टेपरेकॉर्डर आणि माइक मागून आणला होता. मंडळाच्या बायकांना तिने एवढंच सांगितलं होतं की पुष्पकाचं काम आहे. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि वर नारळ दिला.

विमान शेडबाहेर ढकललं. शेपटी कडुलिंबाला जाड दोराने बांधली, चाकांपुढे दगड लावले. सगळ्यांना मागे उभं केलं. प्राचार्य आत बसले, काकांनी शिकवल्याप्रमाणे हात जोर कमी-जास्त करायच्या थ्रॉटलवर ठेवून. काका पुढे गेले आणि दोन्ही हातांनी पंखा धरला.

"स्विच चालू?"

"चालू!" प्राचार्य ओरडले.

काकांनी पंखा ओढला. काही नाही. दुसऱ्यांदा ओढला. एक शिंक आली, निळा धूर. तिसऱ्यांदा काही नाही. चौथ्या वेळी ओढून काका मागे सरले, एक धडाका झाला, दुसरा झाला, आणि मग सलग सुरूच. फट् फट् फट् करत पंखा दिसेनासा झाला. वाळलेली पानं उडाली, चंद्रभागाचा पदर उडाला, प्राचार्यांच्या कपाळावरचे केस मागे गेले. कोंबडी कंपाउंडवरून पलीकडे गेली.

"चालू जाला गो! चालू जाला!" भागीरथी टाळ्या पिटत ओरडली, थेट माइकच्या शेजारी.

काकांनी इशारा केला, इंजिन बंद झालं. रतनने कॅसेट मागे फिरवून लावली. त्यात इंजिन कमी आणि आईच जास्त होती. सगळे इतके हसले की भगवानशेठना पायरीवर बसावं लागलं.

"परत करू," काका म्हणाले. त्यांचे हात काळे झाले होते आणि चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा फुलला होता. "आता ते एका ओढीत लागतं. बघ तू."

खरंच एका ओढीत लागलं. या वेळी भागीरथीने पदर तोंडात धरला. काका स्वतः आत बसले, हळू चाल, मधली, मग पूर्ण जोर. दोर ताणला, शेपटी डावीकडे-उजवीकडे हलू लागली. रतन माइक घेऊन विमानाभोवती फिरली, पुढून, मागून, दाराजवळून. काचेतून तिला काका दिसले. त्यांचा उजवा पाय पेडलवर दाबलेला होता. विमान कुठेही जाणार नव्हतं तरी.

बंद केल्यावर ते बराच वेळ आतच बसून राहिले. मग आतूनच त्यांनी विचारलं, "वहिनी, डब्यात काय आहे?"

नव्याण्णवच्या मार्चमध्ये संच बाजारात आला. इंदूरच्या पायलटना रतनने एक प्रत स्वतः पाठवली. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, ‘हे पुष्पकच. आज जेवायला उठलो नाही.’ संच बरा खपला, फार नाही. तीन महिन्यांनी जे पैसे आले त्याचे रतनने आणि काकांनी सारखे दोन भाग केले. रतनने घरी फोनची लाइन घेतली, भगवानशेठनी सर्वांत मोठा सुस्कारा सोडला. काकांनी भजनी मंडळाला नवा टेपरेकॉर्डर घेऊन दिला.

फुकटचं पुष्पकही तसंच राहिलं. रतनने त्यातही खरा आवाज घातला. इंग्लंडच्या कंपनीने आधी कुरकुर केली. रतनने कळवलं की आमच्याकडे असंच करतात. मग तेही गप्प झाले.

जूनमध्ये प्राचार्य भोईर कारखान्यात आले. पोरं विचारतात, इंजिन पुन्हा कधी सुरू होणार. दर शनिवारी घाडीसाहेब येतील का, शिकवायला? मानधन थोडकं आहे.

‘घाडीसाहेब’ ऐकून काकांनी आधी मागे वळून बघितलं. मग म्हणाले, "शनिवारी स्टोअर असतं."

"शनिवारी स्टोअर मी बघतो," भगवानशेठ केबिनमधून ओरडले.

काकांनी रतनकडे बघितलं. ती कॉम्प्युटरवर नवीन काहीतरी मांडून बसली होती. शेतावर औषध फवारायचं विमान, जाडजूड, खाली वाकलेल्या पंखांचं.

"हे कधी उडताना बघितलंत का काका?" तिने विचारलं.

"बघितलं म्हणजे? नाशकाला द्राक्षांच्या बागेवर त्याचं इंजिन बंद पडलेलं, मी गेलेलो दुरुस्तीला." त्यांनी स्टूल ओढलं आणि प्राचार्यांनाही बसायची खूण केली. "बसा साहेब, सांगतो. पहिलं म्हणजे रतन, ते नाक एवढं बारीक नाही."