साळूबाईची चार बोटं

मित्रांनो, फटफटी दिसली की तुम्ही आधी तिचा दिवा बघता, मग हॉर्न दाबता, आणि मालकाचं लक्ष नसलं तर आरशात तोंडही बघून घेता. मागच्या चाकाशी वाकून माझ्याकडे मात्र कुणी बघत नाही. तिथे चाकाच्या दोन्ही अंगांना दोन जाड नळ्या उभ्या असतात आणि त्यांच्यावर स्प्रिंगा चढवलेल्या असतात. खड्डा आला की आम्ही दबतो, खड्डा गेला की उठतो, म्हणून वर बसलेल्याचं कंबरडं शाबूत राहतं. कारखान्यात आमचं नाव शॉकअॅब्सॉर्बर होतं. मुळशीत कुणाची जीभ एवढी वळायला तयार नव्हती, म्हणून आम्ही शॉकअप झालो. त्यांतला मी डावा. सतरा वर्षांचा म्हातारा आहे, पण अजून ताठ उभा आहे.

उजवा माझा जुळा भाऊ. एकाहत्तर साली एकाच दिवशी, एकाच यंत्रावर आम्ही घडलो. आमच्या पायथ्याशी एक पोलादी कडं असतं आणि त्याला तीन खाचा असतात. पहिली खाच एकट्या माणसासाठी, दुसरी मागे कुणी बसणार असेल तर, आणि तिसरी भारी ओझ्यासाठी. कडं वरच्या खाचेत नेलं की स्प्रिंग आवळली जाते आणि आम्ही जास्त वजन पेलतो. ते फिरवायला चंद्रकोरीसारखा वाकडा पाना गाडीबरोबरच मिळाला होता. आमचे पहिले मालक कोळवणचे हैबतराव. त्यांनी तो पाना विहिरीत पडलेली बादली काढायला दोरीला बांधला, आणि बादलीच्या सोबतीला तोही विहिरीतच राहिला.

त्यामुळे आठ वर्षं आम्ही पहिल्याच खाचेत उभे होतो. हैबतराव अंगाने भरदार, त्यात मागे आंबेमोहोराचं पोतं. आम्ही वाकलो, पिचलो, अंगातलं तेल गळून गेलं, पण कुरकुर केली नाही. दसऱ्याला गाडी धुतली जायची आणि हँडलला झेंडूची माळ पडायची. आमच्यापर्यंत त्यातलं एक फूलसुद्धा कधी आलं नाही. खोटं कशाला बोलू, त्याचं मला वाईट वाटायचं.

पुढे हैबतरावांनी जीप घेतली आणि आम्ही शाळेतल्या जयसिंग मास्तरांकडे आलो. मास्तर इतके काटकुळे की ते बसले काय आणि उतरले काय, आम्हाला पत्ताच लागायचा नाही. आठ वर्षांच्या हमालीनंतर पेन्शन मिळाल्यासारखं वाटलं. पण मास्तरांच्या घरात त्यांची मावशी होती. साळूबाई.

साळूबाई म्हणजे कोळवण खोऱ्याची सुईण. निम्मं खोरं तिच्या हातावर जन्मलेलं. अंग भरगच्च, हसणं त्याहून भरगच्च, आणि हसली की नाकातली नथ आधी हलायची. तीस वर्षं तिने वाड्यावाड्या पायी पालथ्या घातल्या होत्या. आता गुडघे साथ देईनासे झाले होते. तेव्हा मास्तर म्हणाले, "मावशी, आता फटफटीवर बस. मी सोडतो तुला."

ती बसली. लुगड्यातल्या बायका बसतात तशी, आडवी, दोन्ही पाय डावीकडे आणि मांडीवर कापडी पिशवी. आम्ही दोघं थेट तळाला गेलो. टायर मडगार्डला घासून खर्र खर्र आवाज करू लागलं आणि प्रत्येक दगडाला ठक्‌ असा दणका बसू लागला. पाठ धरायची, पण साळूबाई हूं की चूं करायची नाही.

मास्तर विचारी माणूस होते. त्यांनी पौडहून वाकडा पाना मागून आणला आणि पाटीवर तराजूचं चित्रच काढलं. मावशीचे दोन्ही पाय डावीकडे, म्हणजे वजन डावीकडे, म्हणजे डावं पारडं खाली जाणार. तेव्हा डावा शॉकअप आवळायचा, उजव्याला हात लावायचं कारण नाही. अशा रीतीने मी एका दुपारी तिसऱ्या खाचेत जाऊन बसलो आणि माझा भाऊ पहिल्याच खाचेत राहिला.

मित्रांनो, माझ्या डोक्यात हवा गेली. मला वाटलं, गाडी आता माझ्याच जिवावर चालते. भावाला मी म्हणालो, "तू आपला नुसता उभा राहा, ओझं मी उचलतो." तो आपला उभा राहिला. त्याचा स्वभाव पहिल्यापासूनच गरीब.

आषाढात भाताची लावणी ऐन भरात होती. खाचरं माणसांनी फुललेली. त्यांच्या कडेच्या रस्त्याने आम्ही निघालो होतो. एका खळग्यात भाऊ पार दबला आणि मी मात्र ताठच राहिलो. मागचं चाक तिरपं झालं, गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे अशी झुलली, आणि साळूबाई पिशवीसकट खाचरात जाऊन बसली. लागलं काहीच नाही, चिखल मऊ होता. पण सगळी लावणी थांबली. वरच्या धनगरवाडीचा भैरू रोपांची मूठ हातात धरून ओरडला, "अगं बाबौ, मावशी फटफटीला पेलंना!"

हास्याचा एकच गदारोळ उठला. साळूबाईसुद्धा हसली. म्हणाली, "हसा, हसा! तुमच्यातल्या निम्म्यांना पयल्यांदा रडवलंय ते म्याच!"

पण घरी आल्यावर तिने चिखल धुतला, पिशवी खुंटीला अडकवली आणि ओसरीत बसून राहिली. आम्हीही त्याच ओसरीत उभे होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"जयसिंगा, माजं वज्जन लई झालंय. म्या न्हाई आता बसनार."

"अगं, पण भैरूच्या बायकोचे दिवस भरत आलेत. पहिलं मूल हाताला लागलं नाही तिचं. वाडी तीन कोस वर. तू नाही गेलीस तर कोण जाणार?"

"त्योच इचार करतीया," ती म्हणाली. "पायानं जाववत न्हाई. गाडीला म्या पेलवत न्हाई. मंग कशाला ऱ्हायची ती पिशवी खांद्याला?"

आणि ती रडली. मी साळूबाईला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दोष तिच्या वजनाचा नव्हता. मास्तरांच्या तराजूचा होता, थकलेल्या स्प्रिंगांचा होता आणि थोडा माझ्या ताठ्याचाही होता. पण शॉकअपला वाचा नसते. मी नुसता लाजून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मास्तर आम्हाला घेऊन पौडला नसीर मिस्त्रीकडे गेले. एसटी स्टँडच्या मागे त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. नसीरने खाली वाकून आधी मला बघितलं, मग भावाला बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, एक पाय पाटावर ठिवा न्‌ एक जिमिनीवर. आन चालून दावा."

मास्तरांनी तीन पावलं टाकली आणि थांबले.

"कसं वाटलं? तसंच होतंय गाडीचं. मानूस डावीकडं बसू दे न्हाईतर उजवीकडं, चाक मदीच असतंय. ह्ये दोगं भाऊ हायेत. एकाला फिरवलं तर दुसऱ्याला बी तितकंच फिरवायचं."

माझ्या डोक्यातली हवा त्या क्षणी उतरली. नसीरने आम्हाला खोललं. आठ वर्षांच्या पोत्यांनी स्प्रिंगा बोटभर खचल्या होत्या. तो दोन रविवार पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडला आणि मोठ्या गाडीच्या जाड स्प्रिंगांची एकसारख्या उंचीची जोडी शोधून आणली. नळ्यांत नवं तेल भरलं, झिजलेली रबरं बदलली. मला तर पुन्हा कारखान्यातून निघाल्यासारखं वाटलं. पण नसीर म्हणाला, "निम्मंच काम झालंय. कुटल्या खाचंत ठिवायचं ते बसनाऱ्या मानसाला बगून ठरतंय. मावशीला बसवाय लागंल."

तो स्वतः कोळवणला आला. साळूबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. मास्तर उत्साहाने म्हणाले, "मावशी, भाताच्या काट्यावर एकदा बस. म्हणजे वजन अचूक कळेल."

साळूबाईने सूप खाली ठेवलं. "जित्या मानसाला काट्यावर घालत्यात व्हय रं? दिष्ट लागती! आन तितं समदा गाव बगाया येईल. आदीच काय कमी हसले का?"

 नसीर पुढे होऊन तिच्यापाशी उकिडवा बसला.

"मावशी, काटा न्हाई, किलो न्हाई. कुनाला कायबी कळनार न्हाई. फकस्त एकदा बस."

"न्हाई म्हनलं ना."

"माज्या येळंला अम्मीनं दोन दिस कळा सोसल्या. तू हालली न्हाईस तिच्यापासनं. आज माज्यासाठी दोन घटका बस."

साळूबाईने पदराला हात पुसले. मग उठली. "ताजबीचा पोर तू. तुला न्हाई कसं म्हनू?"

मास्तर पुढे बसले, ती मागे बसली. आम्ही दोघं पहिल्या खाचेत होतो. नसीरने टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत हात घातला. "दोन बोटं." तिला उतरवून त्याने दोघांची कडी एकेक खाच वर नेली आणि पुन्हा बसवलं. "तीन."

"काय मोजतुयास रं तितं?" वरून साळूबाईने विचारलं.

"बोटं, मावशी. तू बसल्यावर चार बोटं जागा उरली की बास. चाक मडगार्डला लागत न्हाई."

 साळूबाईची नथ हलली. "आरं, मंग तुजं न्‌ माजं काम येकच की! म्या बी बोटंच मोजतीया. बेंबीच्या वर किती बोटं पोट आलं त्यावरनं म्हैना सांगतीया. कुनाला काट्यावर न्हाई घातलं आजपातूर. फिरव, फिरव तुजं कडं!"

नसीरने पुन्हा कडी फिरवली. आधी भावाची, मग माझी. दोघं तिसऱ्या खाचेत. साळूबाई बसली, पण या वेळी तिने नसीरला हात घालू दिला नाही. बसल्या जागेवरून वाकून तिने स्वतःचा जाडजूड हात फटीत सरकवला. अंगठा बाहेर, चारही बोटं आत.

"चार!" ती ओरडली. "जयसिंगा, चार हायेत!"

त्या आनंदात तिने मास्तरांच्या पाठीत अशी थाप मारली की ते हँडलवर आदळले.

श्रावणातल्या एका सकाळी भैरू धापा टाकत अंगणात आला. अंग चिखलाने भरलेलं, पाय अनवाणी. "मावशी, बायकोला कळा लागल्यात," एवढं म्हणून तो थांबला. त्याची नजर गाडीवर गेली आणि मान खाली गेली. आषाढातलं आपलं बोलणं त्याला आठवलं असावं.

साळूबाईने खुंटीवरची पिशवी काढली. "खाली काय बगतुयास? चल म्होरं. पेलतिया का न्हाई, बगू."

तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. आधी चिखल, मग दगड, मग गोट्यांनी भरलेला ओढा. ओढ्यात उतरताना मी जीव मुठीत धरला. आता ठक्‌ होणार, असं वाटलं. ठक्‌ झालंच नाही. आम्ही दोघं एकदम दबलो आणि एकदमच उठलो. पलीकडच्या चढावर मला प्रथमच कळलं की भावाबरोबर ओझं उचललं की ते निम्मं होतं. वर साळूबाई मास्तरांना म्हणत होती, "बिगी बिगी हाक की रं, बैलगाडी हाय का ही?"

दुपारी झोपडीतून टाहो ऐकू आला. मुलगी झाली होती, आणि आवाज अख्ख्या डोंगराला पुरेल एवढा होता. भैरू बाहेर आला. त्याच्या हातात हळदकुंकवाची वाटी होती. त्याने आधी साळूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. मग तो गाडीशी आला. हँडलकडे त्याने बघितलंही नाही. मागच्या चाकाशी वाकला आणि हळदकुंकवाचं एक बोट माझ्या स्प्रिंगेला लावलं, एक भावाच्या. झेंडूच्या माळेचं माझं दुःख तिथेच संपलं.

त्याला आता आठ वर्षं झाली. साळूबाईला घेऊन आम्ही किती वाड्या केल्या, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. पण गेल्या वर्षापासून एक गोष्ट मला जाणवत होती. ती बसली की मी पूर्वीइतका दबत नव्हतो. दगडावर आम्ही उगाच उडायला लागलो होतो. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती हलकी होत चालली आहे, हे सगळ्यांत आधी मला आणि भावाला कळलं.

आज नसीर तेल बदलायला आला. आता त्याच्या दाढीत पांढरं दिसतं. सवयीप्रमाणे त्याने साळूबाईला बसवलं आणि फटीत हात घातला. चार बोटं गेली, वर आणखी दोन गेली. त्याने हात तसाच आत ठेवला.

"सांग की," साळूबाई म्हणाली.

"सहा, मावशी."

ती हसली. नथ हलली, पण गाल पूर्वीसारखे हलले नाहीत. "म्हंजी माजे दिस भरत आले. आसूं दे. ही पिशवी आता गोजरा घेईल." गोजराबाई म्हणजे मास्तरांची बायको. दोन वर्षं ती मावशीच्या मागोमाग पायी जाऊन सगळं शिकली आहे. "आज माज्यापुरतं कडं उतरव. उद्या तिला बसवून पुन्यांदा मोज."

नसीरने डोळे पुसले, पाना घेतला आणि माझं कडं एक खाच खाली आणलं. मग तो तसाच खाली बघत बसून राहिला. तेव्हा वरून आवाज आला, "नसीर, उजव्याला इसरू नगं बाळा."

मित्रांनो, कुणी तुमच्या मागे बसलं आणि गाडी घासली, तर त्या माणसाच्या वजनाला हसू नका. खाली वाका, बोटं लावून बघा, आणि कडं फिरवाल तेव्हा दोन्हीकडचं फिरवा. आमच्या अंगावरचा चिखल पुसा, वेळेवर तेल द्या. बाकी आम्हाला काही नको. उद्या गोजराबाई पिशवी मांडीवर घेऊन पहिल्यांदा बसणार आहे, आणि तिची बोटं मोजायला साळूबाई सकाळपासून अंगणात येऊन बसणार आहे.