फवारणीला सुट्टी

पाटी पहिली. कुटुंबासाठी पायवाट. लांबी एक किलोमीटर. चढायला अर्धा तास.

नीळकंठ पेंटरने ती उभ्याउभ्या रंगवली. अमडापूरजवळच्या या टेकडीवर दिवाळीत शहरातले लोक पोरंबाळं घेऊन येणार, म्हणून पाच पाट्यांचं काम निघालं होतं. मजकूर छापून आला होता. त्याने फक्त अक्षर द्यायचं.

पाटी दुसरी. मुलांचा हात धरा.

पाटी तिसरी. इथे घटकाभर बसा.

बसला. एकटाच.

पाटी चौथी. समोर पाहा.

समोर कचरूचं कपाशीचं शेत. शेताच्या कडेला विहिरीची भिंत, आणि भिंतीवर नीळकंठचीच, हातभर उंचीची अक्षरं: आता फवारणीला सुट्टी!

बीटी बियाणं नवं होतं तेव्हाची जाहिरात. "खरं हाय काय बे हे?" कचरूने विचारलं होतं. "मी लिहिलं म्हंजे खरंच," नीळकंठ हसत म्हणाला होता. कचरूने पंप विकून टाकला. काही वर्षं सुट्टी मिळालीही. मग बोंडअळी परत आली. उसन्या आणलेल्या पंपाने फवारताना औषध उडालं आणि कचरूचा डावा डोळा गेला.

नीळकंठ भेटायला गेला नाही. आधी लाज. मग उशीर. मग उशिराची लाज. सहा वर्षं. गावात सगळे त्याला पेंटरसाहेब म्हणत. 'बे' म्हणणारा एकच होता, तो खाली पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालला होता.

आज तरी कचरू बोलेल का?

"बाबा, ते वाचा!" मागून आवाज आला. पुण्याची गाडी लवकर पोचली होती. सात-आठ वर्षांची मुलगी, तिचा बाप, पाण्याची बाटली. मुलीने मोठ्याने वाचलं, "आता फवारणीला सुट्टी! मग ते काका काय करतायत?"

"इरा, हळू," बाप म्हणाला.

उशीर झाला. खाली पंपाचा दांडा थांबला. कचरूने मान वळवून उजवा डोळा वर लावला.

"लिहिणाऱ्याले इचार, बाई. तुह्या बाजूलेच बसेल हाय."

मुलीने नीळकंठकडे पाहिलं. तो उठला. पांढऱ्या रंगाचा डबा घेतला आणि पायवाट सोडून काट्याकुट्यातून सरळ खाली उतरला. भिंतीशी जाऊन पहिल्याच अक्षरावर ब्रश ओढला.

कचरू जवळ आला. औषधाचा वास आला.

"कचरू," नीळकंठ म्हणाला, "म्या तुले भेटाले याले पाह्यजे होतं."

कचरूने पंपाची नळी पुसली.

"शिवी तरी दे बे," नीळकंठ म्हणाला.

"नाही जी." कचरूने पंपाचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "राहू द्या, पेंटरसाहेब. उन्हाचा काऊन तरास घेता तुम्ही?"

आणि ओळीत शिरला. दांडा पुन्हा सुरू.

नीळकंठने 'आता' पुसलं. 'फवारणीला' पुसलं. तिथे डबा संपला.

"बाबा," वरून मुलगी ओरडली, "आता नुसतं सुट्टी राहिलं!"

पाटी पाचवी. कोरीच राहिली.