हातातले दोन पाट

अख्खं कोहळं बाईने चिरायचं नाही, पहिला घाव पुरुषाने घालायचा, ही सुलतानपुरातली रीत. लोकल बोर्डाचे मेंबर रंगराव पाटील एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलत नसत. पण कोहळ्यासाठी मात्र डोक्याला पागोटं बांधून स्वयंपाकघरात येत. त्या दिवशीही आले. डाव्या हाताने कोहळं धरलं, उजव्या हातात कोयता घेतला, आणि घाव अगदी झोकात घातला. कोहळ्याला काही झालं नाही. डावा तळहात उघडला.

रक्त उड्या मारत निघालं. अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याच्या हातावर हळदीचा डबा रिता केला; हळद वाहून गेली. शेजारचे महादेवबुवा वैद्य धावत आले. बुवांची हयात मनगटावरच्या अंगठ्याकडच्या नाडीवर गेली होती. तीच त्यांनी गच्च दाबली. रक्त जरा विचारात पडलं, आणि पुन्हा वाहू लागलं.

कोहळं विकायला आलेली सत्यभामाबाई माळीण ओसरीवर बसली होती. ती आत आली.

"बुवा, दोन पाट खाली एकमेकात मिळाले असन, तं एक बुजून काय होते? पाणी दुसऱ्याकडून येतेच. वरतं जा."

"वरतं म्हंजे कुठं?"

"जिथं एकच पाट हाय तिथं."

तिने रंगरावांच्या दंडाच्या आतल्या अंगाला बोटं फिरवली. "इथं उडून राह्यली," म्हणाली, आणि अंगठ्याने हाडावर दाबून धरलं. रक्त थांबलं.

बुवांनी समाधानाने त्याच मनगटाची नाडी पाहिली. मग पुन्हा पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, नाडी गेली. पाटील गेले."

अन्नपूर्णाबाईंनी हंबरडा फोडला. रंगरावांना स्वतःच्या निधनाची बातमी अशी चारचौघांबरोबरच समजली. तीस वर्षं बुवांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते; त्यांनी डोळे मिटलेसुद्धा.

"गेली काहाची! माह्या अंगठ्याखाली हाय," सत्यभामाबाई म्हणाली. "पाहाचं काय? सोडू?"

"सोडू नको वं माय!" मयत ओरडले.

मेहकरच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीत ती अंगठे बदलत दाबूनच बसली. डॉक्टरांनी रक्तवाहिनी बांधली, टाके घातले, आणि नागपूरहून आलेलं भिंतीवरचं चित्र दाखवलं. बगलेतून एक वाहिनी दंडात उतरते. कोपरापाशी तिच्या दोन होतात, एक अंगठ्याच्या बाजूने, एक करंगळीच्या. आणि तळहातात दोघी कमानीसारख्या परत मिळतात.

"बाई, तुम्ही दंड दाबला म्हणून हे वाचले. कुठं शिकलात?"

"वांग्याच्या वाफ्यात," सत्यभामाबाई म्हणाली.

रंगरावांनी तिला लुगडं दिलं. तिने घेतलं, पण अंगठे इतके सुजले होते की फावडं धरवेना, आणि मळा वाळायला लागला. हे कानावर आलं तशी दुसऱ्या सकाळी रंगराव मळ्यात हजर. डावा हात झोळीत, उजव्या हाताने धोतर वर धरलेलं, आणि टाचेने चिखल लोटून पाट वळवणं चाललेलं. मेंबर पाण्यात उतरल्याचं पाहायला निम्मं गाव बांधावर जमलं. महादेवबुवा पुढेच उभे होते.

रंगरावांनी भरलेल्या वाफ्याचा एक पाट बुजवला. पाणी दुसऱ्या बाजूने आलं. तो बुजवला, तर पहिला फुटला.

"वरतं जा, पाटील!" बांधावरून सत्यभामाबाई ओरडली. "किती वेळा सांगाचं?"

"हाव माय, जातो," रंगराव म्हणाले, आणि मेंबरसाहेब चिखलातून मुकाट्याने वर निघाले. जाता जाता त्यांनी उजवा हात डाव्या बगलेत घालून पाहिला. नाडी उडत होती.