दोन नगाऱ्यांचं पाणी

देवकाबाईचा नवरा पुनाराम अठरा वर्षं गावतळ्याचा पाणकर होता. कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी कधी सोडायचं, ते तोच ठरवायचा. तो गेल्यावर पंचांनी काम पुतण्याला, उमरावला दिलं. देवकाबाईला कुणी विचारलं नाही.

गावतळ्याच्या वर जंगलात आणखी दोन तळी होती, एक लांब, एक जवळ. त्यांचं सांडलेलं पाणी दोन नाल्यांनी गावतळ्यात येई. तळं भरून सांडू लागलं की तिथला राखणदार नगारा वाजवी. लांबच्याचा ठेका संथ, जवळच्याचा घाईचा.

भादव्यात तीन दिवस झड लागली. चौथ्या सकाळी लांबचा नगारा वाजला. उमरावनं तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन पाहिलं. पाळ माथ्यापासून दीड हात कोरडी होती. एका नाल्याचं पाणी सहज मावलं असतं. दुपारी जवळचा वाजला, तेव्हाही त्यानं तोच हिशेब केला.

देवकाबाई धानाच्या बांधीत निंदत होती. दुसरा नगारा ऐकताच ती खुरपं टाकून उठली आणि चिखलाच्या पायांनीच पाळीवर गेली. गावचे जमीनदार, मालगुजार केशोराव, तिथंच उभे होते.

"उमराव, सलांगीची माती काप," ती म्हणाली. सलांग म्हणजे जादा पाण्याची वाट. पाणी साठावं म्हणून ती मातीनं अडवलेली होती.

"काऊन काकी? गेलेलं पानी वापस येते का? कार्तिकात धानाले काय देऊ?"

"लांबचं पानी दोन पहरानं पोचते, जवळचं एका पहरानं. लांबचा सकाळी वाजला, जवळचा आता. दोन्ही पानी एकाच टायमाले येऊन राहिले. तू एकेक मोजून राहिला."

केशोरावांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं.

"बाई बराबर सांगते. घ्या फावडे."

दहा-बारा माणसं भिडली. दिवस कलता कलता दोन्ही नाले एकदमच तळ्यात शिरले. पाणी गढूळ, फेसाळ, चढतच गेलं. सलांग धो-धो वाहू लागली, तरी ते पाळीच्या माथ्याखाली चार बोटांवर येऊन थांबलं. मग हळूहळू उतरू लागलं. पाळीखालचं गाव कोरडं राहिलं.

"पुनारामनं शिकवलं का तुले?" केशोरावांनी विचारलं.

"नाही. तो तळ्यावर राहे. बांधीतून नगारे मीच ऐको, पानी कवा पोचते ते मीच पाहो. त्याले घरी सांगो, तो पंचाईले सांगे."

जमलेली माणसं ऐकत होती. इतक्या वर्षांत हे तिनं पहिल्यांदाच चारचौघांत सांगितलं होतं. तिनं मान खाली घातली नाही.

"मंग पाणकरी तूच कर, काकी," उमराव म्हणाला.

"पानी सोडाचं तुडुम तूच उघड, तुया हातात जोर हाये," ती म्हणाली. "पन कवा उघडाचं, ते मले विचारजो."

एरवी बाया मालगुजारासमोरून कडेकडेनं जात. केशोरावांच्या पुढून, पाळीच्या मधोमध, ती ताठ चालत गेली.