मुरागेचा हात

नाकुरू शहराच्या बाजारामागे गॅरेजांची रांग आहे, तिथे मुरागे मिस्त्रीचा हात प्रसिद्ध होता. हात कसला, बाईमाणसाचा वाटावा इतका निमुळता! बाकीच्यांना जिथे अर्धं इंजिन उतरवावं लागे, तिथे हा नुसता हात सारायचा आणि न बघता, बोटांनी चाचपून काम उरकायचा. त्याचं अक्षरशः हातावर पोट होतं.

आणि तोच हात गेल्या वर्षापासून मरत चालला होता. आधी मुंग्या, मग बधिरपणा. दवाखान्यातल्या नर्सनं रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या. मुरागेनं आपल्या बायकोला, न्जांबीला, कुणापाशी चकार शब्द काढू दिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण बोटांतून नट पडायला लागल्यावर मूठ किती दिवस झाकणार? वाफुला नावाचा त्याचा भागीदार तोंडानं काही बोलला नव्हता. मात्र त्यानं पलीकडच्या गल्लीतल्या एका कारागिराला "आमच्याकडे येतोस का" म्हणून विचारल्याचं मुरागेच्या कानावर आलं होतं.

अशात शर्यतीत गाडी पळवणारा चेरुयोट आपली निळी गाडी घेऊन आला. डोंगरातल्या शर्यतीसाठी त्यानं जाड, लाल रबरी पाइप बाहेरून मागवला होता. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोला हवा पोचवणारा, मूळच्या पाइपापेक्षा चांगला रुंद. आणि जागा म्हणाल तर उंदीर अडकेल एवढी. पाइप इंजिनच्या खाचेतून सरकवायचा, टर्बोच्या तोंडावर चढवायचा आणि वरून क्लिप आवळायची.

"वरचं सगळं उतरवू या," वाफुला म्हणाला. "दिवस जाईल, पण काम पक्कं."

"दिवस?" चेरुयोट ओरडला. "मला आज निघायचंय, बाबा!"

"त्याचं काय ऐकता? त्याचे हात म्हणजे हत्तीचे पाय," मुरागे हसला. "मी आहे ना!"

"अरे, इंजिन तरी निवू दे," वाफुलानं बजावलं.

मुरागेनं आत हात घालून टर्बोला बोटं टेकवली. "गार आहे. पार गार."

गाडी नुकतीच घाट चढून आली होती, टर्बो तापलेला असणार, हे वाफुलाला ठाऊक होतं. पण मुरागेचा हात खोटं सांगत नाही, हेही त्याला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. त्यानं पान्यांचा डबा पुढे सरकवला.

जुना पाइप निघाला. नव्याला साबण चोळून मुरागेनं तो आत रेटला आणि कोपरापर्यंत हात खुपसला. पाइपाची कड कुठली, क्लिपचा स्क्रू कुठला, बोटांना काही कळेना. घामानं त्याचे डोळे चुरचुरायला लागले. देवा, एवढी एक क्लिप बसू दे, मग बघू!

"बसला का?" चेरुयोटनं विचारलं.

"बसतोय हो! अंडं आलेल्या कोंबडीसारखी घाई काय करताय?"

तेवढ्यात चेरुयोटनं नाक वर केलं. "वा! शेळी कुठे भाजताय? भूक चाळवली की माझी."

सगळे हसले. मुरागेही हसला. घरून चहा घेऊन आलेली न्जांबी म्हणाली, "आज तर इथे कुणी चूल पेटवलेली नाही."

"बसला!" मुरागेनं हात बाहेर काढला.

मनगटाखालचं कातडं पांढरं पडून सोलून निघालं होतं, आतलं लाल मांस दिसत होतं. मुरागे शाबासकीची वाट बघत एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग सगळे कुठे बघताहेत ते त्याला उमगलं आणि त्यानं मान खाली घातली.

"आई गं!" तो किंचाळला. "मेलो! भाजलं रे, मेलो!"

उशीर झाला होता. सगळ्यांनी पाहिलं होतं. न्जांबी हुंदका देऊन पाणी ओतू लागली. "पुरे, अहो, पुरे करा," ती हळूच म्हणाली. तरी मुरागे जिवाच्या आकांतानं विव्हळत राहिला, आणि विव्हळताना एका डोळ्यानं वाफुलाकडे बघत राहिला.

वाफुलानं टॉर्च घेऊन खाचेत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"चेरुयोटभाऊ, गाडी राहू द्या," तो म्हणाला. "क्लिप बसलीय की नाही, वरचं सगळं उतरवून बघतो."

मुरागेचं विव्हळणं तिथेच थांबलं.