हलला असंल तर उडव

कुरुंद्यात कुणाला कॅमेरा घ्यायचा असला की तो आधी माणिकरावांच्या ओट्यावर यायचा. माणूस हळद पिकवणारा, पण लेन्सवर बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. महागडा कॅमेरा घेऊ नका, लेन्स चांगली घ्या. फोटो कॉम्प्युटरवर घ्या, चांगले तेवढे ठेवा, बाकीचे उडवा, कार्ड फॉरमॅट करा. व्हॉट्सअॅपवर त्यांचा दोनशे जणांचा ग्रुप होता. तिथं कुणी हललेला फोटो टाकला की त्याची अशी हजेरी घ्यायचे, की तो बिचारा आठवडाभर गप्प.

नवी लेन्स आली की तपासणीला बायको, शालूबाई, ठरलेल्या.

"अगं, दारात उभी ऱ्हा जरा."

पिठाच्या हातानं त्या येऊन उभ्या राहायच्या. "झालं का? भाकर करपून राहिली तिकडं."

त्यांच्या पापणीचा केस न् केस सुटा दिसतो का, हे माणिकराव पडद्यावर मोठं करून बघायचे. लेन्स पास झाली की ते सगळे फोटो उडवायचे. ते काय फोटो होते? ती तपासणी. फोटो म्हणजे खंड्या, नीलपंख, वेडा राघू. पाखरांचे अठरा हजार फोटो त्यांनी जपून ठेवले होते, गावनिहाय, तारीखनिहाय. अशा माणसाचं कौतुक करावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा, हे शालूबाईंनाही कधी ठरवता आलं नाही.

मागच्या महिन्यात शालूबाई दुपारी ज्वारी निवडता निवडता आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. चौथ्या दिवशी मुलगी वैष्णवी म्हणाली, "बाबा, तेरवीला फोटो लागतो. आईचा चांगला एक काढून ठेवा."

"तेवढंच ना," म्हणत माणिकराव कॉम्प्युटरपुढं बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. लग्नातला फोटो होता, पण त्यात मुंडावळ्यांआडची एकोणीस वर्षांची अनोळखी पोर. वैष्णवीच्या मोबाईलमध्ये पुष्कळ फोटो होते एकेकाळी. पण दर दिवाळीला 'मोबाईल भरला गं तुझा' म्हणून ते सगळे कॉम्प्युटरवर घेऊन माणिकरावांनीच निवडले होते. आईचे बहुतेक चुलीपुढचे, अंधारातले, दाणेदार. ते गेले. उडवलेले फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर त्यांनी कार्डांवर चालवलं. पाखरं आली, नुसती पाखरं. फॉरमॅट केलेल्या कार्डावर नवे फोटो काढले की खालचे कायमचे जातात, हे त्यांनीच ग्रुपला दहादा समजावलं होतं.

मग त्यांना प्रेमदास आठवला. तांड्यावरचा प्रेमदास त्यांचा सगळ्यात गुणी शिष्य. श्रावणात तो घरी आला होता, चहा देताना हसणाऱ्या शालूबाईंचा फोटो त्यानं काढला होता. माणिकराव गाडी काढून थेट तांड्यावर गेले.

"प्रेमदास, तो फोटो हाय का रे तुझ्यापाशी?"

प्रेमदासनं मान खाली घातली. "तुमाला दाखवला व्हता, काका. तुमी म्हनलात, हात हललाय, उडव. तुमच्यासमोरच उडवला म्या."

माणिकरावांना ते लख्ख आठवलं. पोरगं ऐकणारं आहे म्हणून त्यांनी तेव्हा त्याची पाठसुद्धा थोपटली होती. आज त्यांना वाटलं, हा प्रेमदास थोडा नाठाळ असता तर किती बरं झालं असतं. ते तिथंच बाजेवर बसून लहान लेकरासारखे रडले.

शेवटी उरलं आधार कार्ड. वसमतच्या स्टुडिओत रामकिशननं त्यावरचा बोटाएवढा फोटो स्कॅन करून मोठा केला, उजळला, डाग पुसत आणला. मग त्याचा हात थांबला.

"काका, दोन्ही गालांवर एकेक ठिपका दिसून राहिला. एक तीळ असंल, एक कचरा. कोनता ठेवू?"

माणिकराव पडद्याकडं बघत राहिले. तीळ होता. होता नक्की. त्या गालावर त्यांनी हजार वेळा फोकस धरला होता. मागं गिऱ्हाईकं खोळंबली होती. मुलीला फोन लावून हे विचारायची त्यांना लाज वाटली.

"उजवा," ते म्हणाले.

तेरवीला फोटो मांडला, हार घातला. माणसं येत होती, फुलं वाहत होती, पाया पडत होती. वैष्णवी समई नीट करायला वाकली आणि फोटोपुढं तशीच थांबली. माणिकरावांना तिच्या पाठीवरूनच कळलं.

"डाव्या गालावर व्हता का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

तिनं डोळ्याला पदर लावला. "असू द्या बाबा. लोकं कुठं एवढं बघतात."

"लोकांचं सोड," माणिकराव म्हणाले. "म्या तरी बघायचं व्हतं."